आधी अंगठा, मग धान्य

रेशन दुकानातला क्रम ठरलेला आहे. कार्डाचा बारा अंकी नंबर मशीनमध्ये टाकायचा. घरातल्या माणसांची नावं पडद्यावर येतात, आलेल्या माणसाचं नाव निवडायचं, काचेवर बोट ठेवायचं. आधारच्या साठ्यातल्या ठशाशी ठसा जुळला की पावती निघते, आणि सरकारच्या हिशेबात ते धान्य त्या क्षणी दिलं गेलेलं असतं. तराजू अजून रिकामा असतो.

वजनकाटा या मशीनला, म्हणजे ई-पॉसला, जोडलेला असेल तर जेवढं तोललं तेवढंच नोंदलं जातं. जोडलेला नसेल तर नोंद वेगळी आणि तोल वेगळा. प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे उत्पन्नाच्या मर्यादेत बसून धान्य मिळणाऱ्या घराला, माणशी महिना ५ किलो, म्हणजे पाच माणसांच्या घराला २५ किलो. पावतीवर २५ येतात, पिशवीत २३ किंवा साडेबावीस. विचारलं तर ‘वरूनच कमी आलंय’ हे उत्तर तयार असतं. पावती मागितली तर रोल संपलेला असतो.

हा रोल फार वेळा संपतो. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल असा ‘आनंदाचा शिधा’ निघाला, तेव्हा पिशव्यांवर नेत्यांचे फोटो मात्र वेळेवर छापून झाले होते. ज्या व्यवस्थेला पिशवी छापायला जमतं तिला हातभर पावतीचा कागद का पुरवता येत नाही, हा प्रश्न तसा बाळबोध आहे. पिशवीमुळे देणारा दिसतो, पावतीमुळे दिलेलं दिसतं. दोन्ही कामांत कुणाला किती रस असणार, हे सांगायला नको.

पावतीचं भांडण या मुलखात जुनं आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर तुटून पडले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कागदांवर होता. कर्जखतं, रोखे, वह्या शोधून शोधून जाळल्या गेल्या. वाचता न येणाऱ्या माणसाने निशाणी केलेला कागद सावकाराच्या पेटीत, आणि फेडलेल्या पैशाची नोंद कुठेच नाही, हे त्या रागाच्या मुळाशी असलेलं एक कारण. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्यात कर्जदाराला प्रत्येक फेडीची लेखी पावती आणि वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क दिला गेला. ज्याची निशाणी घेतली त्याच्या हातात उलट कागद पडला पाहिजे, इतकं परक्या सरकारलाही कळलं होतं.

आज एक सोय जास्त आहे. राज्याच्या ई-पॉस संकेतस्थळावर बारा अंकी नंबर टाकला की त्या कार्डावर कोणत्या महिन्यात किती गहू, किती तांदूळ उचलल्याची नोंद आहे हे कुणालाही बघता येतं. लॉगिन लागत नाही. गावातल्या कुठल्याही शिकलेल्या पोराने पंधरा मिनिटं बसून गल्लीतल्या दहा कार्डांचे आकडे घरातल्या डब्यांशी ताडून पाहिले, तर दक्षता समितीने वर्षभरात केलं नसेल एवढं काम होईल. कायद्याने प्रत्येक दुकानाला दक्षता समिती असते. तिच्यावर कोण कोण आहे हे आपल्या दुकानापुरतं विचारून बघावं. पुष्कळदा समितीच्या सदस्यालाच ते ठाऊक नसतं.

आता अंगठ्याकडे येऊ.

बोटावरच्या रेषा म्हणजे कातडीच्या उंचवट्यांची नक्षी. ती झिजते. सिमेंट आणि चुन्यातला क्षार कातडी खातो. वीटभट्टीवर, ऊसतोडीत, दगडखाणीत, रोज चार घरची धुणीभांडी करताना ही नक्षी घासून जाते. वय वाढलं की कातडी कोरडी आणि सैल होते, उंचवटे बसतात. यंत्राला मग रेषांऐवजी एक सपाट डाग दिसतो. म्हणजे कुणाचे अंगठे उमटत नाहीत याची यादी केली आणि रेशनवाचून कुणाचं भागत नाही याची दुसरी यादी केली, तर दोन्ही याद्यांत तीच माणसं सापडतील. कॉम्प्युटरवर बसून काम करणाऱ्याचा अंगठा मात्र सुरेख उमटतो. त्याला रेशनचा गहू लागत नाही.

करता येण्याजोगं थोडं आहे. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, कारण ओलं बोटही वाचलं जात नाही. काचेवर धान्याची धूळ बसलेली असते, ती कोरड्या फडक्याने पुसायला सांगावं. बोट दाबू नये, नुसतं टेकवावं. फार दाबलं की रेषा एकमेकींत मिसळतात. अंगठ्यावरच अडून बसू नये, दहाही बोटं चालतात, आणि कष्टकऱ्यांच्या हातात बरेचदा डाव्या हाताची करंगळी किंवा अनामिका शाबूत असते. कार्डावरच्या दुसऱ्या कुणाचंही बोट चालतं. दुकानात बुबुळं टिपणारं यंत्र असेल तर ते मागावं. मोबाइलवर ओटीपी मागवण्याचा मार्ग तेव्हाच उघडतो जेव्हा आधारला जोडलेला नंबर आज चालू असतो. रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला, मुलगा शहरात घेऊन गेलेला किंवा एजंटाने आपलाच टाकलेला नंबर असेल तर तो मार्गही बंद. सगळं फसलं तर आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने द्यायचे. त्याची फी १०० रुपये होती, २०२५ च्या ऑक्टोबरपासून १२५ झाली. मुलांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावेच लागतात आणि ठरलेल्या वयात ते मोफत असतं. शाळा हे सांगत नाही, दुकानदार सांगत नाही, आणि एक दिवस मशीनवर मुलाचं नाव अडकतं.

त्यातच ई-केवायसी आलं. कार्डावरच्या प्रत्येक माणसाने, घरच्या एकाने नव्हे, मशीनवर येऊन आपण जिवंत आणि आपणच असल्याचं सिद्ध करायचं. मुदतवाढी मिळत गेल्या, चेहरा दाखवून घरबसल्या करण्याचं ॲपही आलं. खाटेवर पडलेल्या म्हातारीसाठी हे ॲप खरोखर उपयोगाचं आहे, पण ते चालवायला चांगला फोन आणि तो चालवणारं माणूस लागतं. म्हातारीकडे या दोन्ही गोष्टी असत्या तर तिची काळजी करायचं कारण नव्हतं.

आणि तरीही कुणाचंच बोट उमटलं नाही तर? इथे बहुतेक माणसं पिशवी घडी घालून घरी येतात, आणि इथेच त्यांची फसवणूक होते. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची मुलगी गेली. आधार जोडलेलं नाही म्हणून घरचं कार्ड रद्द झालेलं होतं. घरचे म्हणाले, भुकेने गेली. प्रशासन म्हणालं, मलेरियाने. त्यानंतर महिन्याभरात, २४ ऑक्टोबर २०१७ रोजी, केंद्राच्या अन्न मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं: आधार नाही म्हणून कुणाचं नाव कापू नये, ठसा जुळला नाही, नेटवर्क नाही, लिंक नाही, या कारणांनी धान्य नाकारू नये, अशा वेळी कार्ड पाहून धान्य द्यावं आणि त्याची वेगळ्या अपवाद नोंदवहीत नोंद करावी. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे उत्तर म्हणजे नियमाचा भंग आहे. पण ते इतक्या सहज, इतक्या थकलेल्या आवाजात दिलं जातं की ऐकणाऱ्याला तो आपल्याच नशिबाचा दोष वाटतो.

हे झालं कार्ड असलेल्यांचं. कार्डावर धान्य सुरू होणं हा वेगळाच डोंगर.

अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबासाठी राज्याने वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरवली: ग्रामीण भागात ४४,००० रुपये, शहरी भागात ५९,०००. ही मर्यादा एका माणसाची नाही, अख्ख्या घराची. रोजगार हमीचा राज्यातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. या दराने नवरा-बायकोला वर्षात प्रत्येकी ७१ दिवस काम मिळालं तर घरात ४४,३०४ रुपये येतात, आणि ते घर कागदोपत्री गरीब राहत नाही. उरलेले २९४ दिवस दोघांनी हातावर हात ठेवून बसलं तरी नाही. शहरातली मर्यादा महिन्याला ४,९१६ रुपयांवर येते. शहरात एवढ्या पैशात चार माणसांच्या घराचं नुसतं खोलीभाडंसुद्धा निघत नाही.

याहून खालची पायरी आहे. संजय गांधी निराधार योजनेत, दिव्यांग सोडले तर, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. ३६५ ने भागा: दिवसाला ५७ रुपये ५३ पैसे, सगळ्या घरासाठी. आणि त्यांना योजनेतून मिळणारं मासिक अर्थसाहाय्य २०२३ पासून १,५०० रुपये, म्हणजे वर्षाला १८,०००. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमधला साठीपासून ऐंशीपर्यंतचा वाटा जवळपास वीस वर्षं २०० रुपयांवर थांबलेला आहे. गॅसची टाकी, एसटीचं तिकीट, आमदारांचं मानधन, यांतलं काहीही त्या काळात थांबलेलं नाही.

मर्यादा अशा जागी ठेवल्या की खरं बोलण्याची सोयच उरत नाही. शेतमजुराला पगारपत्रक नसतं. तलाठ्याचा अहवाल आणि त्यावर तहसीलदाराचा दाखला, एवढाच त्याच्या उत्पन्नाचा पुरावा. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. नाव बदललं, टेबल तेच आहे.) अर्ज भरताना केंद्रावरचा पोरगा विचारतो, ‘कशासाठी पाहिजे?’ उत्पन्न किती हे तो विचारत नाही. निराधारसाठी असेल तर एकवीसच्या आत, रेशनसाठी असेल तर चव्वेचाळीसच्या आत, मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी असेल तर त्या मर्यादेच्या आत. आकडा योजनेवरून उलटा मोजला जातो. एकच घर एका फाइलीत कंगाल, दुसरीत गरीब, तिसरीत बरं खातंपितं. आणि प्रत्येक फाइलीतल्या आकड्याखाली त्या माणसाची सही किंवा अंगठा आहे, ‘वरील माहिती खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन’ या ओळीखाली. व्यवस्थेने त्याला खोटं बोलायला लावलं आणि त्या खोट्याची कबुलीही लिहून घेतली. उद्या त्याने दुकानदाराविरुद्ध तोंड उघडलं तर हा कागद कुणीतरी बाहेर काढू शकतं, हे त्यालाही कळतं. गावातला गरीब माणूस तक्रार का करत नाही याची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

समजा दाखला मिळाला, उत्पन्न बसलं, कागद पुरे झाले. तरी धान्य सुरू होईलच असं नाही, कारण इष्टांक. पुरवठा शाखेत सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द. कायद्याने देशाच्या ग्रामीण लोकसंख्येतल्या ७५ टक्के आणि शहरी लोकसंख्येतल्या ५० टक्के लोकांना धान्य द्यायचं ठरवलं, त्यातून प्रत्येक राज्याचा वाटा निघाला. महाराष्ट्राच्या वाट्याला साधारण ७ कोटी माणसं आली. तिथून जिल्हा, तालुका, दुकान असे आकडे वाटले गेले, तो हा इष्टांक. ही गणती २०११ च्या जनगणनेवर आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख आता १ मार्च २०२७ आहे. म्हणजे २०११ नंतर जन्मलेली मुलं, वेगळे झालेले संसार, शहरात आलेली माणसं, या सगळ्यांनी २०११ च्याच ताटात हात घालायचा. तालुक्याचा इष्टांक भरलेला असेल तर नवीन नाव चढायला जुनं नाव उतरावं लागतं. नाव उतरतं ते माणूस मेल्यावर, मुलगी लग्न होऊन गेल्यावर किंवा कुणी अपात्र ठरल्यावर. सून घरात आली, तिचं माहेरच्या कार्डातून नाव कमी झालं, सासरच्या कार्डावर ते चढलं, पण धान्याच्या यादीत ‘इष्टांक शिल्लक नाही’. दोन्हीकडून गेली. असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर नोंद असलेल्या पण कार्ड नसलेल्या सुमारे ८ कोटी कामगारांना कोट्याकडे न बघता कार्डं द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सांगितलं. निकाल दिल्लीत लागतो, इष्टांक तहसीलमध्ये असतो.

दाखल्यांच्या वाटेवर एक जुना नाका आहे, स्टँप पेपरचा. जात, उत्पन्न, रहिवास यांच्या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. कोऱ्या कागदावर लिहिलेलं प्रतिज्ञापत्र चालतं. २०१५ पासून तर बहुतेक ठिकाणी नुसतं स्वयंघोषणापत्र आणि स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती पुरतात. तरी ‘शंभरच्या बाँडवर करून आणा’ हे वाक्य वीस वर्षं टिकलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये शंभरचा मुद्रांक गेला, किमान मुद्रांक पाचशेवर गेला, आणि त्याच खिडकीतून ‘पाचशेचा आणा’ असं ऐकू येऊ लागलं. जी गोष्ट मुळात लागतच नाही तिचा भाव पाचपट झाला. मग २०२५ मध्ये सरकारला पुन्हा जाहीर करावं लागलं की माफ आहे. बाहेरच्या टेबलावरचा मुद्रांक विक्रेता, झेरॉक्सवाला, टंकलेखक आणि आतला कारकून यांच्यात काही करार असतो असं नाही. सगळ्यांना सवय असते. सवय करारापेक्षा चिवट.

एजंटाला शिव्या घालणं सोपं आहे. हिशेब मांडून बघितला तर गरिबाने त्याच्याकडे जाणं शहाणपणाचं ठरतं. तालुक्याला एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली, तीनशे रुपये, वर जाण्यायेण्याचं भाडं. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ यात एक खेप. ‘हा कागद अपुरा आहे’ यात दुसरी. कागद पुरा झाल्यावर ‘लिंक नाही’ ही तिसरी. हजार रुपये गेले आणि कामाचा पत्ता नाही. एजंट पाचशेत घरपोच करून देतो. तो विकतो ते आतल्या माणसाचं ‘उद्या या’. ज्या कार्यालयात उद्या या म्हणणं बंद होईल तिथला एजंट तीन महिन्यांत दुसरा धंदा शोधेल, त्याला पकडायला पथक लागणार नाही.

दुकानदाराची बाजूही बघितली पाहिजे, नाहीतर गणित चुकतं. साडेचारशे-पाचशे कार्डांचं दुकान धरा, त्यावर २,२५० माणसं. माणशी ५ किलो म्हणजे महिन्याला सव्वाअकरा हजार, नेमके ११,२५० किलो, म्हणजे ११२.५ क्विंटल. दुकानदाराला क्विंटलमागे १५० रुपये मिळायचे, २०२५ मध्ये २० रुपये वाढले. जुन्या दराने महिन्याला १६,८७५, नव्याने १९,१२५. यातून गाळ्याचं भाडं, वीज, तोलायला ठेवलेला माणूस, उंदीर. त्यात पोती. कट्ट्यावर ५० किलो लिहिलेलं असतं. तागाचं पोतं स्वतःच जवळपास ५८० ग्रॅमचं. पोत्यासकट पन्नास भरलं तर धान्य ४९ किलो ४२० ग्रॅम. महिन्याच्या २२५ कट्ट्यांत ही घट १३० किलोंवर जाते. गोदामात कट्टा तोलून घ्यायचा हा नियम आहे, पण ट्रक दारात उभा, हमाल घाईत, आणि तोलायचा आग्रह धरणाऱ्याचा माल पुढच्या महिन्यात शेवटी येतो. इथपर्यंत दुकानदार खरोखर नाडलेला आहे.

पण पुढचं गणितही त्यालाच येतं. माणशी अर्धा किलो कमी तोललं तर २,२५० माणसांत महिन्याला ११.२५ क्विंटल उरतं. गेलेली घट भरून निघते आणि हजार किलोच्या जवळपास हातात राहतं. १३० किलोच्या तक्रारीआड हजार किलो लपतात. वरच्याने खालच्याचं कापलं म्हणून खालच्याने त्याच्या खालच्याचं कापायचं, ही साखळी पार शेवटी येऊन थांबते ती ज्याच्या खाली कापायला कुणी नाही त्याच्यापाशी.

सगळा दोष सरकार आणि दुकानदाराच्या दारात टाकून आपण मोकळे होतो, तेही पटत नाही. चारचाकी दारात असताना केशरी कार्ड कुणाच्या कपाटात असतं? मुलाची फी वाचावी म्हणून उत्पन्नाचा खोटा दाखला कोण काढतं? त्यात बागायतदार असतात, दुकानं असलेले व्यापारी असतात, आणि ‘सगळेच काढतात’ म्हणणारे सुशिक्षित असतात. मजुराने एकवीस हजारांचा दाखला काढला तर त्याचं पोट चालतं. यांनी काढला तर त्याच रांगेतल्या कुणाची तरी जागा जाते. लाडकी बहीण योजनेच्या यादीत सरकारी नोकरीतल्या महिलांची नावं निघाली, तेव्हा चिडणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपलं कार्ड तपासून बघितलं कोण जाणे. जादा उत्पन्न झालं तर ‘धान्य नको’ असा साधा अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत देता येतो. कार्ड जात नाही, फक्त धान्य बंद होतं आणि इष्टांकातली तेवढी जागा मोकळी होते. पाच माणसांच्या घराने तो अर्ज दिला की पाच नावं चढू शकतात. एका कागदाचं काम आहे, एजंटसुद्धा लागत नाही.

आणखी एक नेहमीचा आरोप: ‘फुकट तांदूळ विकतात हो, गरिबी कसली.’ विकतात, खरं आहे. गल्लीत तांदूळ घेणारा फिरतो. पण ज्वारीची भाकरी खाणाऱ्या घराला माणशी कधी ३ किलो तांदूळ आणि २ किलो गहू, कधी ४ आणि १ असं मिळतं. त्यातला तांदूळ विकून ते घर तेलाची पिशवी, हळद-तिखट, डाळ आणतं. ताटात काय हवं हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. आणि तो स्वस्तातला तांदूळ विकत घेऊन इडलीच्या पिठात घालणारे आपल्याच सोसायटीत राहतात.

आता तक्रारीचं. १९६७ या क्रमांकावर फोन करता येतो, पण फोनचा माग राहत नाही. तक्रार लेखीच द्यावी. दोन प्रती न्याव्यात, एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ‘ठेवून जा’ म्हटलं की कागद गेला असं समजावं. मग स्पीड पोस्टाने पाठवावा, पोस्टाची पावती हीच पोच. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आहे, त्याच्या वर राज्य अन्न आयोग. हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्नसुरक्षा भत्ता मागता येतो, ही तरतूद कार्डधारकांपैकी फार थोड्यांनी ऐकलेली असते. न मिळालेल्या धान्याच्या हमीभावाची सव्वापट, वजा रेशनचा दर. रेशन २०२३ पासून मोफत असल्याने वजा करायला काही नाही. गव्हाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,४२५. सव्वापट केला तर किलोला तीस रुपये, पाच किलोंना दीडशे. दीडशे रुपयांसाठी कोण भांडेल हे खरं, पण शंभर कार्डधारकांनी एकाच दिवशी मागितले तर प्रश्न पैशांचा राहत नाही, फाइलीचा होतो. आणि फाइलीला कार्यालयं घाबरतात.

दाखला अडला असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा, २०१५. सेवेची मुदत कार्यालयाबाहेरच्या फलकावर असते, उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. मुदत टळली की ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोगाकडे तिसरं. कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. अन्नसुरक्षा कायद्यातही कमाल दंड पाच हजारच. पगारदार अधिकाऱ्याची चूक सिद्ध झाली तर कमाल पाच हजार. मजुराचा ठसा जुळला नाही, त्याच्याकडून काहीच चुकलेलं नाही, तर घराचं २५ किलो धान्य जातं, लगेच, त्याच दिवशी, अपिलाशिवाय.

फाइल हलवण्याचं सगळ्यात स्वस्त हत्यार अजूनही माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाची प्रत जोडली तर तेही लागत नाही. राज्याच्या नियमाने अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. ‘असं का झालं’ हे विचारू नये, कारणमीमांसा माहितीत बसत नाही म्हणून अर्ज परत येतो. नोंद मागावी: अमुक आवक क्रमांकाचा अर्ज कोणत्या तारखेला कुणाच्या टेबलावर होता, त्यावरच्या टिपणीची प्रत द्या. पुष्कळदा उत्तर येण्याआधी दाखला येतो.

रेशनबाबत त्याच दहा रुपयांत मागण्यासारखी एक गोष्ट आहे. आपल्या दुकानाची गेल्या सहा महिन्यांची अपवाद नोंदवही. त्या दुकानात सत्तरीच्या पुढची किती माणसं आहेत, किती वीटभट्टीवर जातात, महिन्यात किती दिवस सर्व्हर बंद होता, हे गल्लीला तोंडपाठ असतं. वहीची प्रत हातात आल्यावर नोंदी मोजायच्या. नोंदी असतील तर उत्तम, नियम पाळला गेला. वही कोरी असेल तर पुढच्या अर्जात फक्त ती तारीख लिहायची, ज्या दिवशी कुणीतरी रिकामी पिशवी घडी घालून परत आलं होतं.